अर्ध्या शटरची दुपार

तलवाड्यात किराणा दुकानं पाच-सहा असतील, पण गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारं एकच, ते शिवलिंगआप्पांचं. माल संपलेला असतो म्हणून नव्हे. हातातलं पान संपल्याशिवाय आप्पा मान वर करत नाहीत म्हणून. "आप्पा, पावशेर शेंगदाणे" म्हणत माणूस उभा राहतो, आप्पा डावा हात वर करून त्याला थांबवतात, उजव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत राहतं, आणि पान उलटलं की झोपेतून उठल्यासारखं विचारतात, "काय म्हणलास?" गावाने हे कधीचंच चालवून घेतलंय. माप चोख आणि बोलणं गोड असलं की दुकानदाराच्या एखाद्या खोडीकडे लोक काणाडोळा करतात.

नुसती वाचनाची खोड असती तर प्रश्नच नव्हता. आप्पांची खरी खोड म्हणजे वाचून रडण्याची. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, साठीला टेकलेला माणूस, आणि गल्ल्यावर बसून पुस्तकातल्या कुठल्याशा बाईसाठी नाक शिंकरतोय, हे काय बघायला बरं दिसतं? असं त्यांच्या पत्नीचं, गंगासागरबाईंचं म्हणणं, आणि ते म्हणायचा त्यांना हक्क होता. लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याला असं रडताना पाहून बिचारीचं काळीज हललं होतं. आपणच पसंत पडलो नाही, असं तिला वाटलं. मग खरं कारण कळलं आणि ती जी भडकली ती अजून पुरती शांत झालेली नाही.

"माझ्या बापाच्या मातीला आले तवा डोळे कोरडेठाक व्हते तुमचे," ती म्हणायची, "आन् ह्या कागदातल्या बाईचा एवढा पुळका?"

तेव्हापासून रडण्यासारखं पुस्तक असलं की ते मागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांआड जाऊन वाचायचे.

पण नुसतं रडून त्यांचं भागत नसे. आप्पांना पुस्तक एकट्याने वाचता यायचं, एकट्याने पचवता यायचं नाही. शेवटचं पान मिटलं की त्यांना कोणीतरी समोर हवं असायचं, ज्याला त्यातलं सगळं माहीत आहे आणि जो म्हणेल, हो, मलाही तिथंच गलबलून आलं. गंगासागरबाईंना सांगू लागलं की त्या दुसऱ्या वाक्याला जांभई द्यायच्या. शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हनुमान ऐकायचा, पण एका अटीवर. "आप्पा, शेवट सांगा, मधलं ऱ्हाऊ द्या." आता मधलं वगळल्यावर कादंबरीत राहतं काय?

म्हणून धर्मराजराव भेटले तेव्हा आप्पांना ती देवाची करणी वाटली. गेवराईत एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. एका जाड कादंबरीची एकच प्रत होती, तिच्यावर एका बाजूने आप्पांचा हात पडला आणि दुसऱ्या बाजूने एका उंच, काळ्यासावळ्या, धोतरातल्या माणसाचा. दोघांनीही आधी "घ्या, घ्या" केलं आणि हात मात्र कोणीच काढला नाही. शेवटी तो माणूस म्हणाला, "असं करू. तुमी घ्या, वाचा, आन् मला पाठवून द्या. तवर मी कळ काढतो." बरीच वर्षं झाली त्याला.

धर्मराजराव जिनिंगमध्ये ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत धरायचा, ताणायचा, आणि धागा लांब की आखूड ते सांगायचं, यात त्यांची हयात गेली. पुस्तकांनाही ते तसंच चिमटीत धरायचे. "लांब धाग्याची हाय, आप्पा, बिनघोर वाचा." किंवा, "वरून पांढरी दिसती, आत सगळी कवडी, किडका कापूस. हात लावू नका." पुस्तकाचं खरं नाव दोघांपैकी कोणी घेत नसे. ती नर्सवाली, ती बोकडवाली, ती दोन सवतींवाली, अशी त्यांची भाषा होती. नियम एकच. पहिल्याने वाचलं की दुसऱ्याला फक्त "वाचा" किंवा "ऱ्हाऊ द्या" एवढंच सांगायचं. बाकीचं बोलणं दोघांचं वाचून झाल्यावर.

पुस्तकांची ने-आण सिदूच्या काळीपिवळीतून व्हायची. तलवाडा-गेवराई असा तो दिवसभर माणसं कोंबून फिरायचा. लोक पोरांचे डबे द्यायचे, आप्पा कापडी पिशवीत पुस्तक द्यायचे. गेवराईच्या स्टँडसमोर एक चहाचं हॉटेल होतं, तिथं सिदू पिशवी टेकवायचा, आणि धर्मराजराव चहाला आले की घेऊन जायचे. आणि मग एखाद्या दुपारी, गिऱ्हाईक पांगलेलं असताना, फोन वाजायचा. पलीकडून नमस्कार नाही, कसे आहात नाही. थेट, "आप्पा, मारलं हो त्या नर्सला!" इकडून आप्पा म्हणायचे, "म्हणून तर म्हणलं, वाचा!" आणि मग अर्धा तास दोघं हळहळायचे, हसायचे, एकमेकांशी कडाकडा भांडायचे. एका कादंबरीतली बाई नवऱ्याला सोडून गेली ते बरोबर की चूक, यावर एकदा त्यांचा आठवडाभर अबोला होता.

प्रत्यक्ष भेट मात्र क्वचितच. एकदा धर्मराजराव देवीच्या दर्शनाला तलवाड्याला आले, आप्पांकडे जेवले. गंगासागरबाईंनी पुरण घातलं होतं. समोरासमोर बसल्यावर दोघांनाही बोलायला सुचेना. पाऊसपाणी झालं, तब्येती झाल्या, आणि पाहुणे उठून गेले. बाईंनी कपाळाला हात लावला. "एवढंच? ह्या माणसासाठी तुमी फोनवर एवढे खिदळता?"

मागच्या दिवाळीच्या आधी धर्मराजरावांनी भिंतीवाली पाठवली. दोन सख्खे भाऊ वाटण्या करतात आणि घराच्या मधोमध भिंत घालतात, अशी ती सुरू होत होती. आणि भिंतच घालत राहत होती. दगड कुठून आणला, माती कोणी मळली, ओळंबा कोणी धरला. आप्पा तिसाव्या पानाला थकले. फोनवर म्हणाले, "धर्मराजराव, गवंडीकाम शिकवायला पाठवली का ही?"

"पन्नास पानं कळ काढा," धर्मराजराव म्हणाले.

"माझ्याच्यानं होत न्हाई."

"मंग वाचून झाल्याबिगर मला फोन करू नका." ते हसत होते. "एवढ्या वर्षांत तुमाला कवा आखूड धाग्याचं दिलं का मी?"

आप्पा हट्टाला पेटले. वाचलं नाही आणि फोनही केला नाही. उलट लाच द्यावी तशी आपल्याकडची एक नवीन कादंबरी सिदूबरोबर पाठवून दिली. ती संध्याकाळी परत आली. न्यायला कोणी आलं नाही, सिदू म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा आली. आप्पांनी फोन लावला तर बंद. रुसले वाटतं, असं मनाशी म्हणून आप्पा गालात हसले. मग दिवाळी आली, दुकानाच्या गर्दीत राहून गेलं. दिवाळी उलटल्यावर पिशवी पुन्हा सिदूच्या हाती दिली, आणि संध्याकाळी सिदू ती घेऊन खाली उतरला, तोंड पाडून.

"आप्पा, हॉटेलवाला म्हणतोय, ते बाबा गेले. तेरावं बी झालं काल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेवराईला गेले. घर शोधत शोधत जावं लागलं, कारण इतक्या वर्षांत ते त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते. ओसरीत सतरंजी पसरलेली होती, पाच-सात माणसं बसली होती. मेहुणे होते, जिनिंगमधले सोबती होते, व्याही होते. जो तो आपली ओळख सांगायचा आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवायचा. आप्पा टोकाला बसले. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आपण कुठले?"

"तलवाड्याचा. शिवलिंग. आमचं ते पुस्तकांचं..."

"हां, हां. पप्पांनी काही पुस्तकं मागवलेली होती का? आता ती नको होती आम्हाला."

मुलाचं काही चुकलं नव्हतं. घरात रडारड चालू असताना कोण पुस्तकवाला आला म्हटल्यावर त्याने सरळ विचारलं. पण मी तुमच्या वडिलांचा कोण, हे सांगायचं कसं? सोयरा नाही, भाऊबंद नाही, एका गावचा नाही, एका धंद्यातला नाही. "न्हाई, न्हाई, काही नव्हतं मागवलेलं," एवढं म्हणून ते थोडा वेळ बसले, पहाटे घरीच हार्ट अटॅक आला हे लोकांच्या बोलण्यातून ऐकलं, हात जोडले आणि उठले.

घरी आल्यावर गंगासागरबाई म्हणाल्या, "लई वाईट झालं. चहा टाकू?" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांच्या लेखी तो फोनमधला एक माणूस होता. शेजारच्या घरात कोणी गेलं असतं तर त्यांनीच आधी डोळ्याला पदर लावला असता. आप्पांनी चहा घेतला आणि दुकान उघडलं. कोणी भेटायला आलं नाही, कोणी विचारलं नाही. यावं तरी का? गावाच्या दृष्टीने आप्पांकडे काही घडलेलंच नव्हतं.

त्यानंतर आप्पांचं वाचन बंद पडलं. गिऱ्हाइकाला आता शेंगदाणे मागताक्षणी मिळू लागले. "आप्पा सुधारले," हनुमान म्हणाला. आप्पा हसले. आतून मात्र ते विहिरीत पडल्यासारखे एकटे होते. वर माणसांचा आवाज येतोय, पण आपण कुठं आहोत हे कोणाला ठाऊक नाही. एक-दोनदा वाटलं, गंगासागरला सगळं सांगावं. पण काय सांगणार? मेलेल्या माणसाबद्दल सांगायचं तर त्याच्या गोष्टी हव्यात, आणि त्यांच्याकडे धर्मराजरावांच्या म्हणून ज्या गोष्टी होत्या त्या सगळ्या दुसऱ्याच माणसांच्या होत्या, नर्सच्या आणि सवतींच्या.

तूर निघायच्या दिवसांत गंगासागरबाई पुण्याला गेल्या. लेक राजनंदिनीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. पहिल्या वेळी फार त्रास झाला होता, डॉक्टरांनी या वेळीही जपायला सांगितलं होतं, आणि ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. जाताना बाईंनी समोरच्या चतुराबाईला "ह्यांच्याकडं जरा बघा" म्हणून सांगितलं. चतुराबाई म्हणजे सत्तरीची, कडक आवाजाची बाई, जिचा शब्द गल्लीत कोणी मोडत नाही.

रिकाम्या घरात तिसऱ्या की चौथ्या दिवशी आप्पांनी भिंतीवाली काढली. तिसाव्या पानापासून धरली. गवंडीकाम सहन केलं, दगड मोजले, माती मळली. आणि पन्नासावं पान उलटलं तेव्हा भिंत पुरी झाली होती आणि भाऊ एकमेकांना दिसायचे बंद झाले होते. तिथून पुढे कादंबरीने आप्पांचं मनगट धरलं ते सोडलं नाही. दोघं भाऊ आयुष्यभर बोलत नाहीत. पण भिंत अशी की पलीकडचं सगळं ऐकू येतं. थोरल्याला धाकट्याची खोकल्याची उबळ ऐकू येते, पोरावर ओरडलेलं ऐकू येतं, एकटाच हसलेला ऐकू येतो. धाकटा उठला की थोरला उठतो. तो निजला की हा निजतो. बायकामुलांना पत्ता नाही, पण दोघं म्हातारे एकमेकांच्या आवाजावर जगतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची तीसेक पानं उरली. नेमकी गिऱ्हाइकं यायला लागली. कोणाला काडेपेटी, कोणाला बिस्कीटपुडा. आप्पांना राहवेना. ते उठले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

पुस्तकाच्या नादात त्यांच्या डोक्यातही आलं नाही की आपण काय केलं. तलवाड्यात दुकान उघडं असतं किंवा बंद असतं. अर्धं शटर एकाच वेळी ओढतात, घरात नाहीतर भावकीत कोणी गेलं म्हणजे. पूर्ण बंद करायला जीव धजत नाही आणि विकायला हात उठत नाही, म्हणून अर्धं.

आत आप्पा शेवटच्या पानावर आले. सकाळ होते, थोरला भाऊ जागा होतो आणि खोकल्याची वाट बघतो. खोकला येत नाही. तो तसाच पडून राहतो. मग उठतो, भिंतीपाशी जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा बुक्की मारतो. कान लावून ऐकतो. पुन्हा मारतो. तिथंच ती कादंबरी संपत होती.

"धर्मराजराव," आप्पा मोठ्याने म्हणाले, "लई लांब धागा हो." त्यांचा हात गल्ल्यावरच्या फोनकडे गेला, फोन हातात आला, आणि मग त्यांना कळलं. इतके दिवस जे नुसतं ठाऊक होतं ते तेव्हा कळलं. साखरेच्या पोत्यांआड जायचंही सुचलं नाही. हातात फोन तसाच, आणि शिवलिंगआप्पा लहान पोरासारखे हमसून हमसून रडू लागले.

हनुमानने आधी शटर पाहिलं. मग वाकून आत पाहिलं. आप्पा, रडणं, हातात फोन. राजनंदिनीचं नाव कोणीही घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. त्याने चतुराबाईला गाठलं, चतुराबाईने गल्लीला. सिदूला निरोप गेला की गाडी लागेल, पुण्याला जायचंय. आणि आप्पांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही, कारण दुःखाच्या दारात विचारायचं नसतं. यायचं, बसायचं, आणि तो माणूस बोलेल तेव्हा ऐकायचं.

हनुमान आत आला आणि पोत्यावर बसून त्याने आप्पांचा हात हातात घेतला. एवढंच म्हणाला, "आप्पा, धीर धरा. आपल्या हातात काय हाय?"

आप्पांनी वर पाहिलं. शटरखालून वाकून एकेक जण आत येत होता. केदारनाथ न्हावी आला, पाठोपाठ पिठाच्या गिरणीवाला. सगळ्यांची तोंडं उतरलेली. आणि आप्पांना वाटलं, ह्यांना कळलं. सिदूने सांगितलं असेल. कधीतरी सांगितलं असेल, आणि आज मला रडताना पाहून हे आले. कादंबरीतलं मधलं कधीही ऐकून न घेतलेला हनुमानसुद्धा आला. दोन महिने जे आत साठलं होतं त्याला वाट मिळाली.

"लई चांगलं माणूस व्हतं रे," आप्पा म्हणाले.

"व्हतं की," हनुमान म्हणाला. "सगळ्या गावाला मालूम हाय."

आप्पांना जरा नवल वाटलं, पण बरंही वाटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगावं! मधोमध आपण बसलोय आणि चहूकडून माणसं, हे त्यांना दोन महिन्यांत पहिल्यांदा मिळत होतं. चतुराबाई टोपलीत पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी घास घेऊन जायचा असतो. टोपली तिने गल्ल्यावर ठेवली, आणि त्याच वेळी आप्पांच्या हातातला फोन वाजला.

झालं होतं असं की हनुमानने पुण्यातल्या आपल्या भाच्याला, रविराजला, फोन करून तिकडे धावायला सांगितलं होतं. रविराज कंपनीतून तसाच निघाला, राजनंदिनीच्या दारात पोचला. दार उघडलं ते गंगासागरबाईंनी, हातात मेथीची जुडी. रविराजने त्यांचे पाय धरले आणि तो रडायला लागला. काय झालं ते सांगेना. बाईंनी गावाकडचं पोर असं रडताना पाहून दुसरं काय समजायचं?

आप्पांनी फोन कानाला लावला. गंगासागरबाईंचा आवाज दुकानभर ऐकू आला. "तुमी हाव का? हाव का तुमी?"

"हाय की. कावून?"

"मंग हे पोरगं इथं कशासाठी रडतंय?" आणि मागून राजनंदिनीचा ठणठणीत आवाज, "आई, दे इकडं. आप्पा, काय झालंय तिकडं? कोण गेलं?"

हनुमानने आप्पांचा हात हळूच सोडला. केदारनाथने टोपी काढली होती ती पुन्हा घातली. आप्पांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं कोणासाठी आली होती. धर्मराजरावांसाठी कोणीच आलं नव्हतं. ज्या उबेत ते घटकाभर बसले होते ती दुसऱ्याच्या नावची होती. "काही न्हाई, सगळं ठीक हाय, नंतर बोलतो," असं कसंबसं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"पोरगी खुशाल हाय व्हय?" हनुमान म्हणाला. "देव पावला. पण आप्पा, मंग तुमी रडत कावून व्हते?"

उत्तर गल्ल्यावर पालथं पडलं होतं. गिरणीवाल्याने ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "आयला, पुस्तक!" मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाहेरून सिदूने डोकं आत घातलं. "मंग गाडी ठेवू का सोडू?" आणि सगळं दुकान हसायला लागलं. भीती सरल्यावर येतं तसलं हसू होतं ते, त्यात राग नव्हता. हनुमान तर डोळे पुसत पुसत हसत होता.

आप्पांनीही हसावं, एवढंच बाकी होतं. ते हसले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पुस्तक वाचून अख्ख्या गल्लीला मातीला बोलावणारे आप्पा म्हणून वर्षानुवर्षं लोकांना एक गंमत झाली असती. त्यांच्या ओठांवर ते हसू आलंही होतं. पण हसायचं म्हणजे कोणी गेलेलं नाही, हे कबूल करायचं. ते त्यांना जमेना.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "माणूस गेलंय."

हसणं थांबायला जरा वेळ लागला.

"धर्मराज नाव त्यांचं. गेवराईचे. दोन महिने झाले. माझे सोबती व्हते." त्यांनी गिरणीवाल्याच्या हातातून पुस्तक घेतलं. "हे पुस्तक त्यांनी धाडलेलं. वाचा म्हणलते. मी न्हाई वाचलं. आज वाचून झालं, आन् सांगायला ते न्हाईत. म्हणून रडलो. तुमी राजनंदिनीसाठी आलते. माझ्याकडून चूक झाली, मी शटर नको व्हतं वढायला."

हनुमान पायाकडे बघू लागला. तेव्हा चतुराबाई पुढे आली, पोत्यावर टेकली आणि नेहमीच्या कडक आवाजात तिने विचारलं, "कशानं गेले?"

"हार्ट अटॅक."

"दवाखान्यात नेलतं का घरीच?"

"घरीच. पहाटं."

"वय काय व्हतं?"

"सत्तर असंल."

"मागं कोण हाय?"

"बायको हाय. पोरगा हाय, शाना हाय."

दुखवट्याला गेल्यावर जे विचारायचं असतं ते सगळं तिने एकेक करून विचारलं, आणि आप्पांनी प्रत्येकाचं नीट उत्तर दिलं. हे प्रश्न त्यांना कोणी विचारतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. चतुराबाईने टोपलीवरचं फडकं काढलं, भाकरी मोडली, पिठलं लावलं आणि घास त्यांच्यापुढे धरला.

"मंग आमी आलो ते बरोबरच आलो," ती म्हणाली. "खा."

आप्पांनी तो घास खाल्ला. बाकीचे थोडा वेळ बसले, खरोखरच्या दुखवट्याला बसतात तसे, एकमेकांत हळू आवाजात बोलत. मग एकेक जण शटरखालून वाकून बाहेर गेला. गिरणीवाल्याला गिरणी होती, केदारनाथचं गिऱ्हाईक साबण लावून बसलं होतं. हनुमान सगळ्यात शेवटी उठला. त्याने भिंतीवाली हातात घेतली, वजन बघितल्यासारखी तोलली.

"आप्पा, लई दुःखाची हाय का ही?"

"न्हाई रे. लई चांगली हाय. वाचतोस का? पन्नास पानं फकस्त कळ काढावी लागती."

हनुमानने विचार केला. त्याला आप्पांचं मन मोडायचं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आपल्याला न्हाई जमायचं, आप्पा," तो शेवटी म्हणाला, पुस्तक जपून गल्ल्यावर ठेवलं आणि गेला.

आप्पांनी उरलेली भाकरी संपवली, टोपली धुऊन चतुराबाईच्या दारात ठेवली आणि येऊन मागच्या खोलीतल्या फळीपुढे उभे राहिले. फळीवर पुस्तकं होती, न वाचलेलीही होती. एक काढलं, ठेवलं. दुसरं काढलं. कुठलं लांब धाग्याचं, कुठलं नुसतं वरून पांढरं, काही कळेना. इतकी वर्षं त्यांना हे कोणीतरी सांगत आलं होतं. बाहेर एक बाई येऊन उभी राहिली आणि तिने तेल मागितलं, तेव्हा आप्पा हातातलं पुस्तक परत फळीवर ठेवून तेल द्यायला गेले.